मुरत घातलेली वैरण



दूध घरांत आलें, उतूं न देतां तापविलें आणि सायीचा जाडपणा पाहिला, म्हणजे शहरांतील गृहस्थाचा दुधाशीं असलेला संबंध बहुधा संपतो. तें दूध देणाऱ्या गाईनें वैशाखांत काय खाल्लें, हा प्रश्न त्याला सहसा पडत नाहीं. आज मला आपलें लक्ष त्याच प्रश्नाकडे वेधावयाचें आहे. कारण त्याचें उत्तर अनेकदां शेताच्या बांधालगतच्या एका खड्ड्यांत असतें. त्या खड्ड्यांत मुरत घातलेल्या हिरव्या वैरणीला मुरघास म्हणतात.

आपल्या महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागांत हिरवी वैरण भरपूर मिळते ती पावसाळ्यांत व त्यानंतरच्या कांहीं महिन्यांत. होळी झाली कीं ती आटूं लागते, आणि मृगाचा पाऊस पडून गवत वाढेपर्यंत जनावरांना वाळल्या कडब्यावर दिवस काढावे लागतात. बरें, पावसाळी मका वाळवून ठेवावा म्हटलें, तर तो कापणीला येतो तेव्हां परतीचा पाऊस माथ्यावर असतो. शिवाय वाळतांना पानें चुरून जातात व सत्त्व कमी होतें तें निराळेंच. म्हणून ओली वैरण ओलीच टिकविण्याची युक्ति माणसानें शोधून काढली.

या युक्तीचें मर्म आपल्या घरांतील गृहिणींना नव्यानें सांगावयास नको. कैरीच्या फोडी बरणींत दाबून भरावयाच्या, त्यांवर तेल ओतावयाचें आणि तोंडाला दादरा घट्ट बांधावयाचा, हा खटाटोप कशासाठीं? तर हवा आंत जाऊं नये म्हणून. मुरघासाचेंही तसेंच आहे. फरक इतकाच, कीं लोणच्याला मीठ राखतें, तर मुरघासाला त्याच्याच साखरेपासून झालेलें आम्ल राखतें. कापलेला मका कांहीं काळ जिवंतच असतो. कुट्टीच्या फटींतील हवा घेऊन तो श्वसन करतो व तापतो. ती हवा संपली म्हणजे दह्यांतील जीवाणूंचे भाईबंद कामाला लागतात व साखरेचें दुग्धाम्ल करतात. आम्लता मोजण्याचें माप जो सामू, तो ४ च्या आसपास उतरला कीं कुजविणाऱ्या जीवाणूंचें कांहीं चालत नाहीं. फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी विर्तानेन यांनीं वैरणींत सौम्य आम्ल मिसळून हा आंबटपणा आरंभींच आणण्याची पद्धति बसविली. त्यांना १९४५ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, तें विशेषेंकरून वैरण टिकविण्याच्या या पद्धतीसाठीं. गाईच्या घासाचा विचार किती मोलाचा आहे, हें यावरून ध्यानांत यावें.

मका कापावा तो दाण्यांतील दूध घट्ट होऊन पीठ धरूं लागलें असतां. कुट्टी मुठींत दाबून पाहावी. बोटांतून पाणी ठिबकलें, तर ती फार ओली; मूठ उघडतांच विस्कटली, तर फार कोरडी; गोळा होऊन तो हळूहळू सुटला, तर योग्य. कुट्टी एक-दोन सेंटिमीटरांची करून सहा-सहा इंचांचे थर द्यावे आणि प्रत्येक थर तुडवून घ्यावा. खोल खड्ड्यांत भरणीच्या वेळीं व त्यानंतर कांहीं दिवस जड, घातक वायु सांचतात. म्हणून एकट्यानें त्यांत कधींही उतरूं नये.

एवढें सारें नीट करूनही पुष्कळांचा हात आखडतो, तो झांकणाशीं. वैरणीला, कापणीला, मजुरीला खर्च केलेला असतो. मग प्लास्टिकच्या कागदासाठीं आणखी खर्च कशाला, असें वाटतें. येथें थोडें अंकगणित करूं. दहा गाईंसाठीं ४० फूट लांब, ५ फूट रुंद व ५ फूट खोल खड्डा धरा. त्यांत १,००० घनफूट वैरण मावते. नीट दाबलेल्या वैरणीचें वजन घनफुटास १६ किलो धरलें, तर १६,००० किलो. गाईला रोज २० किलो, म्हणजे दहा गाईंना २०० किलो. वैरण पुरली ८० दिवस. होळीपासून मृगापर्यंतची तोंडमिळवणी झाली! आतां झांकण सैल राहून वरचा एकच फूट कुजला असें समजा. पांचांतील एक फूट गेला, म्हणजे ३,२०० किलो, म्हणजेच १६ दिवस. आणि हे दिवस तुटतात ते नेमके शेवटचे, जेव्हां पैसे मोजूनही हिरवी काडी मिळत नाहीं.

म्हणून भरणी संपेल त्याच दिवशीं झांकण घालावें. वैरण कांठापेक्षां उंच, कासवाच्या पाठीसारखी फुगीर ठेवावी, म्हणजे पावसाचें पाणी निथळून जातें. भिंतींना आधींच सोडलेले कागद वर दुमडून घ्यावे व त्यांवर मुख्य कागद पसरावा. बाहेरून पांढरा, आंतून काळा असला तर उन्हानें कमी तापतो. त्यावर जुने टायर एकमेकांना टेकून मांडावे, अथवा पाचट व माती घालावी. कांठ तर मातीनें बुजवावेच. पुढें उंदीर, कावळे, कुत्रीं यांनीं पाडलेलें भोंक दिसतांच चिकटपट्टीनें बंद करावें. ज्याच्या दावणीला दोन-तीनच गाई आहेत, त्यानें मोठ्या खड्ड्याच्या भरीस न पडतां हवाबंद पिशव्यांत मुरघास करावा.

सुमारें ४५ दिवसांनीं खड्डा उघडावा. चांगला मुरघास पिवळसर हिरवा असतो व त्याला पिकल्या फळासारखा आंबूस वास येतो. उघडला कीं हवेचा शिरकाव पुन्हां सुरू होतो. म्हणून रोज समोरच्या बाजूनें किमान सहा इंचांचा उभा काप घ्यावा व तोंड पुन्हां झांकावें. वरील खड्ड्याचें माप त्याच हिशेबानें धरलें आहे. हाताला गरम लागणारी किंवा बुरसलेली वैरण जनावरापुढें टाकूं नये.

हें शेवटचें वाक्य तुम्हां-आम्हांसही लागू आहे. पेंड, मका किंवा वैरण यांवरील कांहीं बुरशा अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष निर्माण करतात. तें गाईच्या पोटांतून रूप पालटून दुधांत उतरतें आणि दूध कितीही तापविलें तरी जात नाहीं. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानें २०१८ सालीं देशभरांतून ६,४३२ नमुने तपासविले. त्यांपैकीं ३६८ नमुन्यांत हें विष ठरविलेल्या मर्यादेहून अधिक निघालें. पाणी घातलेलें दूध आपण पारखूं शकतों. हा दोष मात्र जिभेला कळत नाहीं. त्याचा बंदोबस्त चुलीवर नव्हे, गोठ्यांतच व्हावयास हवा.

म्हणून दुधाचे भाव दोन पैशांनीं चढले कीं कपाळाला आठ्या घालण्यापूर्वीं त्या खड्ड्याकडे एकवार मनानें जाऊन यावें. घट्ट बांधलेल्या दादऱ्याचा मान आपण घरांत ठेवतों. तोच मान शेतकऱ्याच्या झांकणालाही द्यावा, आणि त्याच्या खर्चाचा वांटा दुधाच्या दामांत आनंदानें उचलावा, एवढीच विनंति.