आधी सोयरीक विचारा



मानवशास्त्राच्या परिषदेत अध्यक्षाने आफ्रिकेतल्या पहिल्या माणसापासून निघायचे आणि चहाच्या सुट्टीपर्यंत आजच्या समाजाला पोचायचे, असा रिवाज आहे. मी आज तो मोडतो आणि ९ मे १९१६ पासून सुरुवात करतो. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात, नुकतीच पंचविशी गाठलेल्या भीमराव आंबेडकरांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला. आपण त्यांना घटनाकार म्हणून, अर्थशास्त्रज्ञ म्हणून शिकवतो. आपल्या विषयाच्या अभ्यासक्रमात मात्र ते बहुधा तळटिपेत असतात, आणि हे मला बरोबर वाटत नाही.

तो काळ नाके मोजण्याचा होता. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले सांगत होते की नाक जितके रुंद तितका समाजातला दर्जा खालचा. म्हणजे जात हाडामांसात आहे आणि पट्टी लावली की ती दिसते. आंबेडकरांनी त्या निबंधात उलट टोक धरले. जातीचे मर्म अंतर्विवाहात आहे, गटाबाहेर लग्न न होऊ देण्यात आहे, असे त्यांनी मांडले. मग त्यांनी हिशेब केला, आणि तो आजही वाचताना अंगावर येतो. गटातल्या गटातच लग्ने लावायची तर स्त्रीपुरुषांची संख्या जुळती हवी. नवरा मेला की बाई शिल्लक उरते, बायको मेली की पुरुष. शिल्लक उरलेली बाई बाहेर लग्न करील, किंवा आतल्याच एखाद्या मुलीच्या वाट्याचा वर घेईल. म्हणून सती, म्हणून सक्तीचे वैधव्य. विधुराला मात्र लहान मुलगी देऊन वाट पाहायला लावायचे, म्हणून बालविवाह. ज्या रूढींना सुधारक एकेक करून नावे ठेवत होते, त्या सगळ्या एकाच यंत्राचे भाग आहेत हे त्यांनी दाखवून दिले.

आता कवट्यांकडे येऊ. इरावती कर्वे मुंबईत गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली चित्पावनांवर प्रबंध लिहून बर्लिनला गेल्या. तिथे त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, पुढे नाझींच्या वंशशास्त्राचे एक मोठे नाव. कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध आहे का, हा प्रश्न त्यांना दिला होता. दीडशेच्या आसपास कवट्या मोजून त्यांनी संबंध नाही असे लिहिले. परक्या देशात, त्या माणसाच्या संस्थेत, त्याला नको असलेले उत्तर!

गंमत अशी की इरावतीबाईंनी पट्टी टाकून दिली नाही. डेक्कन कॉलेजात आल्यावर त्यांनी मराठ्यांची मापे घेतली, पुढे रक्तगट तपासले. पण सोबत त्या सोयरीक विचारत गेल्या. मामाची मुलगी चालते का? आत्याची? देवक एक असले तर? १९५३ च्या त्यांच्या आप्तसंबंधांवरच्या ग्रंथात महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिण यांच्या मधोमध बसतो, तो नाकांमुळे नव्हे. इथे अनेक जातींत मामाची मुलगी करतात, आत्याची टाळतात. उत्तरेत दोन्ही वर्ज्य, दक्षिणेत पुष्कळ ठिकाणी दोन्ही चालतात. कैलाश मल्होत्रांबरोबर १९६८ मध्ये त्यांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण गटांची तुलना प्रसिद्ध केली. एकाच नावाखालचे, एकाच दर्जाचे हे गट शरीराने एकसारखे नव्हते. एका जातीचे तुकडे पडून पोटजाती झाल्या, हे घुर्यांचे मत. बाईंचे म्हणणे होते की गट आधीपासून वेगळे होते, नाव मागाहून एक झाले. गुरूशी मतभेद ठेवून त्यांनी काम केले.

आणि घुर्यांची गोष्ट अशी की त्यांनी मांडलेली नाकांची मापे आंबेडकरांनी १९४८ मध्ये वापरली, ती अस्पृश्य आणि ब्राह्मण वेगळ्या वंशांचे आहेत हा समज खोडण्यासाठी.

आता नाकाची जागा जनुकाने घेतली आहे. २०१३ मध्ये हैदराबादच्या आणि हार्वर्डच्या संशोधकांनी मिळून दाखवले की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात या उपखंडातले गट मोठ्या प्रमाणावर मिसळले. भिल्लांसारखे दूर राहिलेले मानले जाणारे गटही त्यातून सुटले नाहीत. त्यानंतर मिसळणे आटत गेले. हे कधी घडले ते जनुक सांगतो. दार कोणी लावले, कोणाच्या सोयीसाठी, हे त्याला ठाऊक नाही. थुंकीची डबी पाठवून आपण किती टक्के आर्य हे विचारणाऱ्या उत्साही मंडळींना एवढे तरी कळवायला हवे.

उत्क्रांती आणि लग्न एकत्र पाहायचे तर नंदुरबार किंवा गडचिरोलीला जावे. सिकलसेलचे एक जनुक अंगात असले तर मलेरियाच्या घातक झटक्यापासून काही प्रमाणात बचाव होतो. दोन्हीकडून मिळाले तर आयुष्यभराचे दुखणे. डासांच्या मुलखात निवडीने ते टिकवले. पण ज्या गटांत ते जास्त आहे तिथे लग्ने आतल्या आतच होत राहिली, म्हणजे दोन वाहकांची गाठ पडण्याचा संभव वाढतो. डास जात विचारत नाही, सोयरीक विचारते. तरी दवाखान्याच्या व्हरांड्यात हा अमक्या लोकांचा आजार म्हणून बोलले जाते, तेव्हा रिस्ले अजून पेन्शनीत गेलेले नाहीत असे वाटते.

माझी तक्रार आपल्या सर्वांच्या पद्धतीबद्दल आहे. जनुकीय नमुने घेताना आपण बहुधा अट घालतो की चारही आजी-आजोबा एकाच जातीचे हवेत. गटाचा इतिहास शोधायचा तर ती अट समजण्यासारखी आहे. पण ज्यांनी अंतर्विवाह मोडला, ते त्या अटीवरच गळतात. पळून जाऊन लग्न केलेली, कोकणातून मुंबईच्या चाळीत येऊन परजातीत संसार थाटलेली, वाळीत टाकली गेलेली माणसे आपल्या तक्त्यात नसतात. आणि मग त्याच तक्त्यावरून आपण इथे जात कशी अभेद्य राहिली ते सांगतो. उंबरा ओलांडणारे आधीच काढून टाकले तर तो अभेद्य दिसणारच!

दुपारच्या सत्रात नमुन्यांवर आधारलेले निबंध वाचले जाणार आहेत. निबंधवाचकांना आत्ताच सूचना देऊन ठेवतो, म्हणजे जेवताना कागद चाळता येतील. मी प्रत्येकाला दोनच गोष्टी विचारणार आहे: किती जणांना वगळले, आणि त्यांच्या आजीला कोणत्या घरातून विरोध झाला होता, हे कोणी विचारून ठेवले आहे का.