एक संगणक, दोन पडदे

आजचे चार शब्द आमच्या खेड्यापाड्यांतील शिक्षक बंधुभगिनींसाठी आहेत. पण पालकांनीही ते ऐकावेत.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभी राहत आहे. केंद्र सरकारने २०२३ साली तिला अंतिम मंजुरी दिली. अशाच दोन वेधशाळा अमेरिकेत आहेत. तेथे कामावरचा माणूस एकाच वेळी अनेक पडद्यांवर नजर ठेवतो, आणि ती यंत्रणा चालविणारे संगणक ‘लिनक्स’वर चालतात. तुम्ही म्हणाल, हे शास्त्रज्ञांचे काम. आमच्या शाळेला त्याचे काय? तर तेच सांगतो.

लिनक्स ही संगणक चालविणारी प्रणाली. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहून जगाला खुला केला. तिला मोल पडत नाही. आपल्या सी-डॅक संस्थेने तिच्यावरच ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली उभारली. तीत मराठीचीही सोय आहे.

‘विंडोज १०’ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. पुष्कळ जुन्या संगणकांवर पुढची आवृत्ती बसत नाही. म्हणून ते लगेच भंगारात घालू नका. ‘एक्सएफसीई’ ही हलकी मांडणी असलेले लिनक्स त्यांतल्या बहुतेकांवर चालते. आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहा. पसंत पडले, तर जुन्या कामाची नक्कल काढून ठेवा आणि मगच ते बसवा.

आता दोन पडद्यांची गोष्ट. संगणकाच्या मागे पडद्याची तार जोडण्याची दोन तोंडे असतील, तर एकाला तुमचा मॉनिटर आणि दुसऱ्याला वर्गातला टीव्ही किंवा प्रोजेक्टर जोडा. मग सेटिंगमधील ‘डिस्प्ले’ उघडा. तेथे दोन चौकटी दिसतील. दोन्हींवर एकच चित्र ठेवता येते. पण वर्गात तसे करू नये. घराला माजघर असते आणि ओसरी असते. पाहुणे ओसरीवर बसतात. माजघरात त्यांचे काय काम? तुमचा मॉनिटर म्हणजे माजघर. गुणांची यादी, उत्तरे, मुलांची माहिती तेथेच राहावी. टीव्ही म्हणजे ओसरी. तेथे फक्त धडा.

याकरिता दोन्ही चौकटी शेजारी शेजारी ठेवा. टीव्ही तुमच्या उजवीकडे असेल, तर त्याची चौकटही माऊसने उजवीकडे ओढा. नाही तर बाण भलत्याच कडेने पलीकडे जाईल आणि तुम्ही बुचकळ्यात पडाल. आपल्या मॉनिटरला ‘प्रायमरी’ ही खूण करा. कामाची पट्टी आणि येणाऱ्या सूचना त्याच पडद्यावर दिसतील असे ठरवून द्या, म्हणजे शिकविताना कोणाचा निरोप साऱ्या वर्गासमोर उमटणार नाही. टीव्हीवरचे अक्षर शेवटच्या रांगेत बसून स्वतः वाचून पाहा. बारीक वाटले तर मोठे करा. कीबोर्डला मराठी इनस्क्रिप्ट जोडून घ्या. शेवटी ही सारी मांडणी नाव देऊन जतन करा, म्हणजे वीज जाऊन आली तरी ती पुन्हा लावता येईल.

एकदा अर्धा तास खर्च होईल खरा. पण मग शिक्षकाने टिपण पाहावे आणि मुलांनी धडा पाहावा, दोघांनीही एकमेकांचा खोळंबा न करता. शाळेतला जुना संगणक धूळ खात असेल, तर या शनिवारी तो पुसून सुरू करा, आणि मोठ्या मुलांना हाताशी घ्या.