ट्रॅक्टरला दिलेली दहा मिनिटं

मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. इंजिनिअर नाही, मेकॅनिकही नाही. दोन एकर बाग आणि एक छोटा ट्रॅक्टर, एवढाच माझा पसारा. बागेतल्या दोन ओळींत नऊ फुटांचं अंतर असतं. मोठा ट्रॅक्टर तिथं शिरला की वेली ओरबाडल्या जातात. म्हणून आमच्या भागात हे लहान ट्रॅक्टर आले. फवारणीचा ब्लोअर, रोटाव्हेटर, लहान ट्रॉली, सगळं त्याच्यावरच चालतं. त्याची घरच्या घरी निगा कशी राखावी, हे आज सांगणार आहे. हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही, म्हणून आधी त्याची किंमत सांगतो.

२००९ सालचा नोव्हेंबर. फयान चक्रीवादळ किनाऱ्याला धडकलं आणि आमच्याकडंही अवकाळी पाऊस झाला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला छाटलेली माझी बाग नेमकी फुलोऱ्यात होती. फुलोऱ्यात पाऊस आणि दमट हवा म्हणजे डाऊनीला आवतणच. पानावरचा डाऊनी एक वेळ परवडला, पण तो घडात शिरला की घडच जातो. पावसानं उघडीप दिली त्या पहाटे मी ब्लोअर जोडला आणि बागेत शिरलो. चार ओळी झाल्या नाहीत तोच उष्णतेचा काटा लाल पट्ट्यात गेला. मनात आलं, आता थांबलो तर पुन्हा पाऊस गाठेल. तसाच रेटला. सातव्या ओळीत पांढरा धूर निघाला आणि इंजिन बंद पडलं.

त्या आठवड्यात गावातला प्रत्येक ब्लोअर ज्याच्या त्याच्या बागेत गुंतलेला. मिस्त्रीही तिसऱ्या दिवशी आला. तोवर मी, बायको आणि धाकटा भाऊ पाठीवर पंप घेऊन चिखलात फिरत होतो. पण दोन एकरांचा मांडव पाठीवरच्या पंपानं किती भिजणार? निम्मा माल गेला.

मिस्त्रीनं पुढची जाळी काढली. धूळ आणि औषध यांचा थर चढून रेडिएटर लिंपल्यासारखा झाला होता. त्यात झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या अडकल्या होत्या. खंडेनवमीला मीच तिथं हार घातला होता. पंख्याचा पट्टाही सैल होता. हेड गॅस्केट जळालं होतं. मिस्त्री म्हणाला, "अण्णा, इंजिनात खोट नव्हती. त्याला वाराच मिळाला नाही. पूजा केलीसा, पण पुसलं कुठं?"

मला माझे वडील आठवले. ते सकाळी गोठ्यात गेले की वैरण टाकण्याआधी बैलांच्या अंगावरून हात फिरवत. खांद्याची सूज, खुरातला खडा, सगळं त्या हाताला कळायचं. घरात ट्रॅक्टर आला आणि ते हात फिरवणं थांबलं. लोखंडाला काय होतंय, असं आम्ही धरून चाललो.

तेव्हापासून रोज सकाळी इंजिन चालू करण्याआधी मी दहा मिनिटं देतो. ट्रॅक्टर सपाट जागी आणि इंजिन थंड हवं. पहिली गोष्ट तेलाची. डिपस्टिक काढायची, पुसायची, पुन्हा घालून काढायची. तेल दोन खुणांच्या मध्ये पाहिजे. मग रेडिएटरचं पाणी. त्याचं झाकण इंजिन गरम असताना कधीही उघडू नका. आतलं उकळतं पाणी दाबानं तोंडावर येतं. रेडिएटर साफ करताना हवा किंवा पाणी पंख्याच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला मारायचं. समोरून मारलं तर घाण आणखी आत बसते. जोरही बेताचा ठेवायचा, नाहीतर पातळ पत्रे वाकतात. पट्टा मधोमध अंगठ्यानं दाबून बघायचा. माझ्या ट्रॅक्टरचा साधारण अर्धा इंच दबतो. त्याहून जास्त दबला तर ताणून घ्यायचा.

मग एअर क्लीनर. माझ्या ट्रॅक्टरला तेलाच्या वाटीचा आहे. वाटीत तळाला चिखल बसला की ते तेल काढायचं, वाटी आणि जाळी डिझेलनं धुवायची आणि ताजं तेल खुणेपर्यंतच भरायचं. नव्या ट्रॅक्टरना कागदी फिल्टर असतो. तो पाण्यानं धुवायचा नाही, दगडावर आपटायचा नाही. हे का, तर इंजिनात गेलेली धूळ पॉलिश पेपरसारखं काम करते. रिंगा झिजतात, तेल जळू लागतं, निळसर धूर येतो आणि मग हजारोंचा खर्च निघतो.

डिझेलची टाकी मी संध्याकाळी काम संपल्यावर भरतो. रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्यानं आत दव धरतं आणि त्याचं पाणी डिझेलमध्ये उतरतं. फिल्टरखालच्या वाटीत पाणी दिसलं की काढून टाकायचं. ग्रीस भरण्याआधी निपल फडक्यानं पुसायचं. नाहीतर ग्रीसबरोबर आपणच माती आत ढकलतो. क्लचवर पाय ठेवून ट्रॅक्टर चालवण्याची खोड मात्र फडक्यानं पुसून जात नाही. ती ज्याची त्यानं सोडायची.

इंजिनचं तेल बदलताना मीटरवरचे तास मोजा, महिने नव्हे. माझ्या पुस्तिकेत पहिल्यांदा ५० तासांनी आणि नंतर दर २५० तासांनी, असं आहे. तुमच्या पुस्तिकेत असेल ते तुम्ही पाळा. इंजिन कोमट असताना तेल सोडलं की गाळही निघून येतो. सोबत फिल्टरही बदलायचा. त्याच्या रबरी वायसरला तेलाचं बोट लावायचं आणि तो हातानंच आवळायचा. काढलेलं तेल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या.

आमच्या शेडमध्ये खिळ्याला एक वही टांगलेली आहे. तारीख, मीटरचे तास, तेल किती, काय केलं, एवढंच तिच्यात लिहायचं. अक्षर मुलीचं, कारण माझं मलाच लागत नाही. एकदा तिनं वही चाळून विचारलं, "बाबा, चार दिवसांत तेल वर चढलंय. आपण ओतलं नाही, मग वाढलं कसं?" खरं सांगतो, तेल कमी झालं असतं तर मी घाबरलो असतो, वाढलं म्हणून मी निर्धास्त होतो. डिपस्टिकचा वास घेतला, तर डिझेलचा. फीड पंपाचा पडदा फाटून डिझेल तेलात उतरत होतं. तेल पातळ झालं की बेअरिंग जातात. त्या वेळी पडदा आणि तेल बदलण्यावर भागलं. मिस्त्रीनं त्या दिवशी चहा घेताना ती वही उलगडून बघितली, हा मी माझ्या मुलीचा सत्कार समजतो.

घरी काय करू नये, हेही सांगतो. डिझेल पंप, नोझल, गिअरबॉक्स, हायड्रॉलिक या कामांना मिस्त्रीच पाहिजे. आणि पीटीओच्या शाफ्टवरचं संरक्षक कव्हर काढून कधीही काम करू नका. ५४० फेऱ्यांचा शाफ्ट म्हणजे सेकंदाला ९ फेरे. टॉवेलचं टोक किंवा साडीचा पदर गुंतला, तर हात मागं घ्यायलाही वेळ मिळत नाही. ग्रीस करायचं असो की अडकलेली काडी काढायची असो, आधी इंजिन बंद, अवजार जमिनीवर आणि किल्ली आपल्या खिशात.

फयानचा पाऊस माझ्या हातात नव्हता. पहाटे ब्लोअर चालणं मात्र माझ्या हातात होतं. त्या वर्षी गेलेल्या मालातला किती पावसानं नेला आणि किती माझ्या आळसानं, याचा हिशेब मी अजून मांडलेला नाही.

खंडेनवमीची पूजा आम्ही आजही करतो. आदल्या दिवशी घरातली सगळी मिळून ट्रॅक्टर धुतो, जाळी काढून झटकतो, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी भुकटी साफ करतो. मग हळद-कुंकू, नारळ. हार आता स्टिअरिंगला घालतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)