मुलीचे नाव आणि त्यामागची समजूत



बारशाच्या दिवशी आत्या पाळण्यातील मुलीच्या कानात नाव सांगते, आणि त्या दोन-तीन अक्षरांबरोबर समाजाने त्यांना चिकटविलेली बरीवाईट समजूतही मुलीच्या पदरात पडते. हेच नाव पुढे शाळेत हजेरीच्या वेळी शिक्षकाच्या तोंडून रोज उच्चारले जाते. म्हणून या समजुती कशा बनतात व कशा पालटतात, याचा विचार शिक्षकाने करणे अगत्याचे आहे.

नावाविषयीचे मत शब्दकोशातील अर्थावरून ठरत नाही. कैकेयी म्हणजे केकय देशाची राजकन्या. या शब्दात अशुभ असे काहीही नाही. तथापि रामाच्या वनवासाची आठवण त्याला जोडली गेल्यामुळे मराठी घरात हे नाव सहसा कोणी ठेवीत नाही. याच्या उलटही घडते. नक्षत्राचे अथवा नदीचे नाव असलेल्या मुलीशी विवाह करू नये, असे मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. परंतु महाराष्ट्रात रोहिणी, रेवती, गोदावरी, कृष्णा ही नावे पिढ्यान्‌पिढ्या आवडीने ठेवली गेली. ज्या नदीच्या पाण्यावर शेत पिकते, ती लोकांना मायेसारखी वाटली. त्या भावनेपुढे ग्रंथातील वचन टिकले नाही.

ज्या घरात मुले जगत नसत, तेथे मुलाचे नाव धोंडू, दगडू किंवा केरबा ठेवण्याची चाल होती. मुलाला दृष्ट लागू नये, हा त्यामागील हेतू. नाव ओबडधोबड असले, तरी मूल जगावे ही आस त्यात भरलेली असे. ‘नकुसा’ किंवा ‘नकोशी’ या नावाची गोष्ट मात्र निराळी आहे. मुलीमागून मुलगी झाली म्हणजे धाकटीला हे नाव द्यावे, म्हणजे पुढच्या खेपेस मुलगा होतो, अशी समजूत. दगडूचे नाव दगडूच्या रक्षणासाठी असते. नकुसाचे नाव अजून न जन्मलेल्या भावासाठी असते. आपल्या नावात आपण कोठेच नाही, हे ती मुलगी कळू लागल्यापासून ऐकत राहते.

सातारा जिल्ह्यात अशा मुलींचा शोध घेण्यात आला आणि ऑक्टोबर 2011 मध्ये साताऱ्यात झालेल्या समारंभात 285 मुलींना नवी नावे देण्यात आली. नव्या नावांत ऐश्वर्या, वैशाली, सावित्री अशी नावे होती. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 894 मुली आढळल्या. 2001 मध्ये ही संख्या 913 होती. नाव बदलल्याने हा आकडा सुधारत नाही, हे उघड आहे. ज्या मनोवृत्तीतून ते नाव निघाले, ती पालटणे हे खरे काम होय.

ती पालटू शकते, याची साक्ष सावित्री या नावातच आहे. पुराणकथेमुळे हे नाव वडाच्या पूजेशी व पतीच्या आयुष्याशी जोडले गेले होते. 3 जानेवारी 1831 रोजी सातारा जिल्ह्यातीलच नायगाव येथे सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला आणि 1848 पासून पुण्यात त्यांनी मुलींना शिकविण्याचे कार्य आरंभिले. आज हे नाव ऐकताच मराठी माणसाला मुलींची शाळाही आठवते. अक्षरे तीच राहिली. एका स्त्रीच्या कार्याने त्यांना नवा अर्थ आला.

यावरून शिक्षकाचे कर्तव्य स्पष्ट होते. वर्गात अशा नावाची मुलगी असल्यास नावाचा अर्थ सर्वांसमक्ष विचारू नये, व त्यावरून कोणी थट्टा केल्यास ती तेथल्या तेथे थांबवावी. मुलीची इच्छा असेल तर पालकांना भेटून, ती शाळेत आहे तोवरच नावातील बदल रीतसर करून घेण्यास साहाय्य करावे. कारण शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील नाव पुढे जन्मभर कागदोपत्री सोबत येते. बदल झाल्यावर हजेरीपटावर, फळ्यावर व प्रत्यक्ष हाकेत नवेच नाव वापरावे. गावातील माणसे सवयीने जुन्या नावाने हाक मारीत राहतात. शाळेने तरी तसे करू नये. एखाद्या मुलीला जुनेच नाव ठेवावयाचे असेल, तर तिच्यावर सक्ती नसावी. तिला प्रश्न विचारावा, फळ्यापाशी बोलवावे, तिच्या उत्तराची वाट पाहावी. ज्या मुलीची वर्गात रोज वाट पाहिली जाते, तिला आपण नकोशा आहोत असे वाटण्याचे कारण उरत नाही.