'सोबती' म्हणजे कोण?



आज एकाच शब्दाबद्दल बोलायचं आहे. २००३ साली आलेली 'द दा विंची कोड' ही कादंबरी तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल, सिनेमाही पाहिला असेल. त्यातलं एक पात्र ठासून सांगतं, की फिलिपच्या शुभवर्तमानात मरिया मग्दालियाला हजरत ईसांची 'सोबती' म्हटलं आहे आणि त्या काळी अरामी भाषेत या शब्दाचा अर्थ 'पत्नी' असाच होता. "अरामीत असं आहे" म्हटलं की आपण गप्प बसतो. कारण अरामी आपल्याला कुठे येते?

पण हा दावा तपासायला अरामी यावी लागत नाही. साधा प्रश्न विचारायचा: ते पुस्तक कोणत्या भाषेत आहे? त्याचं हस्तलिखित १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ सापडलं. ते कॉप्टिक भाषेत आहे आणि मरियासाठी त्यात 'कोइनोनोस' हा ग्रीक शब्द आला आहे. म्हणजे ज्या अरामी शब्दावर सगळी इमारत उभी केली, तो तिथे नाहीच!

'कोइनोनोस' म्हणजे भागीदार, सोबती. लूकच्या शुभवर्तमानात (५:१०) याकूब आणि योहान हे मासेमारीच्या धंद्यात शिमोनचे 'कोइनोनोस' आहेत. हा शब्द पती-पत्नीसाठीही वापरला जाई. आपल्या 'जोडीदार'सारखंच. कॅरममधला जोडीदार वेगळा, आयुष्याचा जोडीदार वेगळा. कोणता, ते वाक्यावरून कळतं. हजरत ईसांचं लग्न झालं होतं का, हा प्रश्न एकट्या शब्दावरून सुटत नाही.

मग खरा अरामी शब्द कोणता? बायबलमधल्या दानियालच्या ग्रंथाचा काही भाग अरामीत आहे. बाबेलचा राजा सगळ्या विद्वानांना ठार मारण्याचा हुकूम देतो, तेव्हा दानियाल घरी जाऊन आपल्या तीन सोबत्यांना दुआ करायला सांगतो. तिथे 'हबर' हा शब्द आहे. अर्थ उघड आहे: संकटात बरोबर उभे राहणारे मित्र.

आता आपल्या घरात येऊ. अरामीची बहीण अरबी. तिच्यातला शब्द 'साहिब'. 'सहाबा' त्याच मुळातून आला आणि आपला 'साहेब'सुद्धा. सोबत्याचा मालक कधी झाला, ते आपल्यालाही कळलं नाही! कुरआनात 'साहिबा' हे स्त्रीलिंगी रूप पत्नीसाठी येतं (८०:३६). पण 'साहिब' पाहा. सूरह तौबामध्ये (९:४०) गुहेतला सोबती आहे, म्हणजे परंपरेनुसार हजरत अबू बक्र. सूरह यूसुफमध्ये (१२:३९) हजरत यूसुफ तुरुंगातल्या दोन कैद्यांना सोबती म्हणून हाक मारतात, आणि ते दोघे त्यांच्या धर्माचे नाहीत. सूरह नज्ममध्ये (५३:२) तर पैगंबरांना नाकारणाऱ्या मक्केच्या लोकांनाच उद्देशून त्यांचा उल्लेख 'तुमचा सोबती' असा केला आहे.

म्हणजे सोबती होण्यासाठी एकमत असावंच लागतं, असं नाही.

हे मी का सांगतोय? 'काफिर', 'जिहाद', 'औलिया' अशा एकेका शब्दाचा एकच अर्थ पकडून आपल्याबद्दल रोज दावे केले जातात. बाहेरचे करतात, आपल्यातलेही करतात. कादंबरीतला दावा दुसऱ्यांच्या धर्माबद्दल असला की आपल्याला मजा वाटते. स्वतःबद्दल तसाच दावा झाला की राग येतो. दोन्ही वेळी मोजमाप एकच हवं. बातमी आली तर आधी शहानिशा करा, असं सूरह हुजुरात (४९:६) सांगते. शब्दांनाही तोच नियम लावा. मूळ भाषा कोणती? शब्द कोणता? आधीचं आणि नंतरचं वाक्य काय? तो शब्द इतरत्र कसा आला आहे?

शेवटी एक आयत तुम्ही स्वतः काढून वाचा: सूरह निसा (४:३६). चांगलं वागावं अशांच्या यादीत आईवडील, अनाथ, शेजारी यांच्याबरोबर 'बाजूला असलेला साहिब' आहे. भाष्यकारांनी त्याचा अर्थ प्रवासातला सोबती असा लावला आणि पत्नी असाही. एसटीत शेजारी बसलेला, वर्गातल्या बाकावरचा, हॉस्टेलच्या खोलीतला, असे सगळेच त्यात बसतात. त्याचा धर्म तिथे विचारलेला नाही. आपणही विचारू नये.