‘फुल स्टॅक वेब डेव्हलपर’ म्हणजे कोण?
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



मी वक्ता नव्हे. गेली पंचवीस वर्षे संगणकासमोर बसून काम करणारा एक साधा कारागीर आहे. विषयही माझा नाही, तो आपल्या चिटणीसांनी दिलेला आहे. वधूवर-सूची तयार करताना ‘व्यवसाय’ या रकान्यात त्यांना ‘फुल स्टॅक डेव्हलपर’ हे शब्द वारंवार आढळू लागले. एका वधूपित्याने त्यांना विचारले, “अहो, ही नोकरी आहे, धंदा आहे, की पदवी आहे?” चिटणीस निरुत्तर झाले आणि त्यांनी तो प्रश्न माझ्या पदरात टाकला. त्याचे यथामति उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. ‘स्टॅक’ म्हणजे एकावर एक रचलेली चळत. आपण भ्रमणध्वनीवर रेल्वेचे तिकीट काढतो किंवा मुलाचा परीक्षेचा निकाल पाहतो, तेव्हा डोळ्यांना केवळ एक पान दिसते. परंतु त्या पानाखाली अनेक थर असतात. पानाचा सांगाडा एचटीएमएलने उभा राहतो, त्याचे रूप सीएसएसने ठरते आणि बोट लावताच त्याने काय करावे हे जावास्क्रिप्ट सांगते. हा झाला दर्शनी भाग. त्याला ‘फ्रंट एंड’ म्हणतात. आपण बटण दाबले की ती विनंती दूरच्या सर्व्हर नावाच्या संगणकाकडे जाते. तेथील कार्यक्रम ती तपासतो, मागणारा कोण आहे याची खात्री करून घेतो आणि डेटाबेस नावाच्या वहीत नोंद करतो किंवा तिच्यातून नोंद काढून देतो. हा आतला भाग म्हणजे ‘बॅक एंड’. दर्शनी पानापासून आतल्या वहीपर्यंत ही संपूर्ण चळत ज्याला उभारता येते, तो फुल स्टॅक वेब डेव्हलपर होय.

हे थर एका दिवसात किंवा एका हाताने रचले गेलेले नाहीत. नोंदी तक्त्यांत कशा मांडाव्यात याचे शास्त्र एडगर कॉड यांनी १९७० साली मांडले. आजचे बहुसंख्य डेटाबेस त्याच पायावर उभे आहेत. जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची कल्पना पुढे ठेवली आणि १९९३ च्या एप्रिलमध्ये त्या संस्थेने ती विद्या कोणतेही मूल्य न घेता जगाला खुली करून दिली. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत सिद्ध केला. आपल्या देशात सर्वसामान्य नागरिकांना इंटरनेट खुले झाले ते त्याच वर्षाच्या १५ ऑगस्टला. म्हणजे ज्या विद्येवर आज आपली शेकडो मुले-मुली पोट भरतात, तिचे वय आपल्या सभागृहात बसलेल्या पुष्कळ मंडळींपेक्षा कमी आहे.

आरंभीच्या काळात संकेतस्थळ सांभाळणारा माणूस एकच असे. पुढे काम वाढले तशी वाटणी झाली. पान सजवणारा वेगळा, सर्व्हरचा कार्यक्रम लिहिणारा वेगळा, डेटाबेस सांभाळणारा आणखी वेगळा. २००९ साली रायन डाल यांनी ‘नोड’ हे साधन पुढे आणले आणि जी जावास्क्रिप्ट पूर्वी मुख्यतः दर्शनी भागापुरती वापरली जाई, ती सर्व्हरवरही सुखाने चालू लागली. एकाच भाषेत दोन्ही बाजूंचे काम करणे सोपे झाले आणि त्या सुमारास ‘फुल स्टॅक’ हे नामाभिधान रूढ होऊ लागले.

हे सारे ऐकून ज्येष्ठांना वाटेल, की हा आपल्या पिढीजात व्यवसायापासून फार दूरचा प्रांत आहे. मला तसे वाटत नाही. माझ्या वडिलांचे दोन यंत्रांचे शिवणकामाचे दुकान होते. माप तेच घेत, कापड तेच बेतत, कातर तेच चालवीत, शिलाई मारून काजे-बटणे करीत आणि इस्त्री करून गिऱ्हाइकाच्या हाती कपडा देत. मोठ्या कारखान्यात कॉलर शिवणारा जन्मभर कॉलरच शिवतो. ती तो उत्तम शिवतो, त्याला मी कमी लेखीत नाही. परंतु सदरा अंगाला का बसत नाही, हे त्या एकट्याला सांगता येत नाही. वडील नवा कारागीर ठेवताना त्याने शिवलेला कपडा उलटा करून पाहत. बाहेरची शिलाई सगळेच सरळ मारतात. अस्तर कसे लावले आहे, आत माया किती सोडली आहे, दोऱ्याची टोके कशी बंद केली आहेत, यावरून त्यांना माणूस कळे. माझ्या धंद्यातही परीक्षा अशीच असते. पान सुंदर दिसणे ही कपड्याची बाहेरची बाजू झाली. गुप्तशब्द वहीत जसाच्या तसा लिहून ठेवला आहे की ओळखता येणार नाही अशा रूपात, दोघांनी एकाच क्षणी एकच आसन मागितले तर ते दोघांनाही दिले जाते की काय, उद्या एक रकाना वाढवावा लागला तर सगळी शिवण उसवावी लागेल की आत माया सोडलेली आहे, हे कपडा उलटा केल्याशिवाय कळत नाही.

आता माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगतो. ती सांगण्यासारखी नाही, म्हणूनच सांगितली पाहिजे.

२०१२ साली एका शिक्षणसंस्थेच्या शिष्यवृत्तीचे अर्ज संगणकाद्वारे भरून घेण्याचे काम आमच्याकडे होते. संस्थेचे नाव मी घेत नाही. दोष तिचा नव्हता. पान मी केले होते. खेड्यापाड्यांतील मुलांची सोय व्हावी म्हणून मी आग्रहाने त्यावर लिहिले होते, “अर्ज मराठीत भरला तरी चालेल.” डेटाबेसचे तक्ते माझ्या सहकाऱ्याने आखले होते. आम्ही दोघांनीही आपापले काम तपासले. परंतु तपासताना रोमन लिपीतली नावे भरली. मुदत संपल्यावर यादी काढली, तेव्हा मराठीत भरलेल्या प्रत्येक अर्जात नावाच्या जागी केवळ प्रश्नचिन्हे उभी होती.

कारण क्षुल्लक होते. युनिकोड या जागतिक लिपिसंकेतात देवनागरीला १९९१ पासूनच स्थान आहे आणि माझे पान देवनागरी उत्तम जाणत होते. तक्ता मात्र पश्चिम युरोपातील लिपीसाठी आखला गेला होता. जे अक्षर त्याच्या ओळखीचे नव्हते, त्याच्या जागी त्याने मुकाट्याने एक प्रश्नचिन्ह लिहिले आणि मूळ अक्षर टाकून दिले. अक्षराला एक आणि मात्रेला एक असा हिशेब असल्यामुळे ‘सुनीता’ची सहा प्रश्नचिन्हे झाली होती आणि ‘वैशाली’चीही सहाच. सहा प्रश्नचिन्हांतून सुनीता परत मिळवायची कशी? त्या प्रत्येक मुलाला माझ्या पानाने हसतमुखाने सांगितले होते, “आपला अर्ज मिळाला.”

आम्ही दोघे अर्धा दिवस भांडलो. मी म्हणालो, “माझे पान बरोबर आहे.” तो म्हणाला, “माझ्या तक्त्यात बिघाड नाही.” बंधु-भगिनींनो, दोघांचेही म्हणणे खरे होते आणि तरीही मुलांची नावे गेली होती! ज्यांनी दूरध्वनीचे आकडे रोमन लिपीत लिहिले होते, त्यांचे क्रमांक वाचले. तीन दिवस आम्ही एकेकाला दूरध्वनी करून, “बाळ, तुझे नाव पुन्हा सांग,” असे विचारीत बसलो. संस्थेने उदार मनाने मुदत वाढवली. परंतु काही मुलांनी आकडेही देवनागरीत लिहिले होते. त्यांच्या ओळीत नाव, गाव आणि क्रमांक सारेच प्रश्नचिन्ह होते. ती कोण होती हे मला आजतागायत कळलेले नाही. माझ्या आग्रहावर विसंबून ज्यांनी आपल्या भाषेत लिहिले, नेमकी तीच मुले वगळली गेली, हे शल्य माझ्या मनातून जात नाही.

त्या दिवसापर्यंत मी स्वतःला फुल स्टॅक म्हणवून घेत होतो, कारण मला दोन्हीकडची साधने येत होती. त्या दिवसानंतर मला त्या शब्दाचा अर्थ समजला. मुलीने लिहिलेले नाव तिच्या बोटापासून वहीपर्यंत आणि वहीपासून निवडसमितीच्या डोळ्यांपर्यंत सुखरूप पोहोचते की नाही, ही काळजी जो वाहतो, तो फुल स्टॅक डेव्हलपर. ही चळत ज्ञानाची खरी; परंतु त्याहून अधिक ती जबाबदारीची आहे. कपडा फाटला तर माझ्या वडिलांनी “काजे दुसऱ्याने केली होती,” असे गिऱ्हाइकाला कधी सांगितले नाही.

यावरून हा मनुष्य सर्वज्ञ असतो असे कृपा करून समजू नका. सर्व थरांत पारंगत झालेला माणूस मी अद्याप पाहिलेला नाही. चांगला कारागीर एका थरात खोल उतरलेला असतो, बाकीच्या थरांशी त्याचा परिचय असतो, आणि आपल्याला कोठे येत नाही हे ओळखून तो जाणत्याला विचारतो. फार मोठ्या कामात तर प्रत्येक थराला स्वतंत्र तज्ज्ञ लागतोच.

पालकांसाठी दोन शब्द. अल्पावधीत फुल स्टॅक करून नोकरी लावून देतो, अशा जाहिराती आपण वाचतो. त्यापायी दागिना गहाण टाकलेली कुटुंबे मला माहीत आहेत. शिकवणी वाईट असते असे नाही. परंतु शुल्क भरण्यापूर्वी एकच गोष्ट विचारा: येथे शिकलेल्या मुलाने स्वतः पूर्ण करून लोकांच्या वापरात आणलेले एखादे काम दाखवाल काय? या विद्येची पुष्कळशी साधने व पाठ विनामूल्य उपलब्ध आहेत. आवश्यक आहेत ते चिकाटी, चांगला मार्गदर्शक आणि कोणाच्या तरी खऱ्या उपयोगी पडणारे एक छोटे काम. अलीकडे, विशेषतः २०२२ च्या अखेरीपासून, सांगितल्याबरोबर कार्यक्रम लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वांच्या हाती आली आहेत. मीही ती वापरतो. शिवणयंत्र आले म्हणून शिंपी संपला नाही. हाताने टाके घालणे एवढीच ज्याची विद्या होती, त्याला मात्र नवे शिकावे लागले. यंत्र शिलाई झपाट्याने मारील; परंतु कपडा उलटा करून पाहण्याचे काम माणसालाच करावे लागेल.

शेवटी एक विनंती करतो. आपल्या संस्थेची वधूवर-सूची आणि विद्यार्थी-साहाय्यनिधीचे अर्ज अद्याप कागदावरच आहेत. हे काम आपल्याच मुला-मुलींनी हाती घ्यावे. सभागृहाची किल्ली मिळाल्यास दर रविवारी सकाळी दोन तास मी विनामूल्य त्यांच्यासोबत बसेन. पहिल्या दिवशी पहिला अर्ज आपण मराठीत भरू, आकड्यांसह, आणि वही उघडून नाव नीट उमटले आहे का ते सर्वांनी मिळून पाहू.

आणि त्या वधूपित्यांना सांगावे, की ही नोकरीही आहे, धंदाही आहे. पदवी मात्र नाही. मुलाला एवढेच विचारा, “तुझ्या कामात चूक निघाली, तर ती कोणाची असते?” तो क्षणभर थांबून “माझी” असे म्हणाला, तर पुढची बोलणी करण्यास हरकत नाही.