टाकी भरली, आता काय?



गाव वाढतं, त्याचं शहर होतं. घरोघर संडास होतात. ही चांगलीच गोष्ट आहे. पण पाणी ओतल्यावर मैला जातो कुठं? हे आपण फारसं विचारत नाही.

जिथं गटाराचे नळ नाहीत, तिथं तो घराजवळच्या सेप्टिक टाकीत जातो. जड गाळ तळाशी बसतो. तेलकट साय वर तरंगते. मधलं पाणी शोषखड्ड्यात जातं. टाकीतले जंतू गाळ कुजवतात, पण सगळा संपवत नाहीत. तो साठतच जातो.

कुणी म्हणतं, "आमची टाकी वीस वर्षांत भरलीच नाही!" अहो, भरली नाही कशी? गाळानं भरलेल्या टाकीतून कच्चा मैलाच बाहेर पडतो. तो नाल्यात जातो, विहिरीत झिरपतो. मग जुलाब, कावीळ, विषमज्वर घरात येतात. आपली घाण आपल्याच पोटात येते.

मग टाकी उपसायची कशी? चार पैसे देऊन माणूस आत उतरवायचा? नाही, कधीच नाही. टाकीत विषारी वायू असतो. उतरलेला माणूस बघता बघता बेशुद्ध पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. त्यांच्याही घरी मुलंबाळं वाट पाहत असतात. संरक्षणाच्या साधनांशिवाय माणसाला असा उतरवणं हा २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

टाकी उपसायला मोटार असते. ती नळीनं गाळ ओढून घेते. सातारा जिल्ह्यातलं वाई आणि नाशिक जिल्ह्यातलं सिन्नर पाहा. टाकी तुंबायची वाट न पाहता, दर तीन वर्षांनी प्रत्येक घरची टाकी उपसायची, असा पायंडा तिथल्या नगरपरिषदांनी २०१८ पासून पाडला. गाळ नाल्यात न ओतता शुद्धीकरणाच्या ठिकाणी न्यायचा, हेही ठरलं.

तर मंडळी, आपण एवढं करू या. टाकीचं झाकण फरशीखाली गाडायचं नाही. संडासात चिंध्या, प्लास्टिक टाकायचं नाही. टाकी उपसली, ती तारीख भिंतीवर लिहून ठेवायची. आता आपल्याला लिहिता येतं ना! आणि मोटार येईल, तेव्हा गाळ कुठं नेता, हे धिटाईनं विचारायचं.

घर आपलं, टाकी आपली. मग तिची काळजीही आपलीच.